पिकअपचं दार: आधी आतला रॉड, मग रिमोट

देवगडच्या एका पिकअपवाल्या भावांचा प्रश्न आहे. गाडी स्वतःची, १२ व्होल्टची, मागे उघडा हौदा आणि ताडपत्री. हंगामात आंबा घेऊन वाशी, एरवी मासळी आणि मिळेल ते भाडं. दोन महिन्यांत त्यांची केबिन दोनदा उघडली गेली. एकदा नांदगाव तिठ्यावर चहाला उतरले तेव्हा, एकदा पनवेलच्या पुढे रात्री गाडी लावून जेवायला गेले तेव्हा. काच शाबूत, दाराला ओरखडा नाही. मोबाइल, भाड्याची रोकड आणि पान्यांची पिशवी गायब. गावातला वायरमन म्हणतो, दोन्ही दारांची चावीची भोकं पत्रा मारून बुजवू आणि रिमोटचं सेंट्रल लॉक बसवू. चावी घालायला जागाच नाही तर चोर उघडणार कशानं? हे करावं का आणि किट कुठलं घ्यावं, एवढंच त्यांना हवंय.

भोकं बुजवू नका. रिमोट बसवा, पण सगळ्यात शेवटी. मी हातखंब्याच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग आणि लॉकचं काम करतो. चोरानं दार उघडलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात आणि दाराचं आतलं कव्हर काढलं की बहुतेक वेळा दिसतं ते हे, की चोर चावीच्या भोकाच्या नादी लागलेलाच नसतो. त्यानं गाठलेला असतो दाराच्या पोकळीतला रॉड. तो रॉड तसाच उघडा ठेवून वर महागडा रिमोट लावलात तर तुमची सोय होईल, चोराची गैरसोय काही होणार नाही.

दाराच्या कडेला लॅच असतो, खांबावरच्या खुंटीला धरणारा जबडा. त्याच्यापर्यंत तीन-चार रॉड येतात: एक बाहेरच्या हँडलकडून, एक आतल्या हँडलकडून, एक चावीच्या सिलिंडरकडून आणि एक काचेखालच्या खटक्याकडून. दार लॉक होतं म्हणजे बाहेरचं हँडल आणि जबडा यांची फारकत होते, काही गाड्यांत आतल्या हँडलचीही, बाकी काही नाही. आणि ही फारकत करायची की मोडायची ते खटक्याचा नाहीतर चावीचा रॉड ठरवतो. काच आणि बाहेरचं रबर यांच्यामधल्या फटीतून काहीतरी पातळ आत शिरलं आणि तो रॉड हलला, की चावी कितीही भारी असो, दार उघडं. जुन्या धाटणीच्या पिकअप, टेम्पो, ट्रक यांत हा रॉड काचेला लागूनच सरळ खाली उतरलेला असतो, जणू कुणी बोलावून ठेवल्यासारखा. नव्या काही मॉडेलांत रॉडऐवजी नळीतून जाणारी केबल असते आणि लॅचवर प्लास्टिकचं झाकण असतं. तिथं असली करामत सहसा चालत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे कव्हर काढून आपली गाडी रॉडची की केबलची ते बघणं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्या, ऐकायला बरी नाही वाटणार. तुमचं दार कदाचित लॉक झालेलंच नसेल. रॉडचं टोक लॅचच्या कानात, म्हणजे त्याच्या भोक असलेल्या छोट्या पट्टीत, प्लास्टिकच्या छोट्या क्लिपनं अडकवलेलं असतं. उन्हानं ती क्लिप कडक होते आणि एक दिवस तुटते. मग खटका खाली जातो, टक् आवाजही येतो, पण लॅचपर्यंत काही पोचत नाही. क्लिनरच्या बाजूचं दार असं महिनोन्‌महिने उघडं असतं आणि कुणाला पत्ता नसतो, कारण बाहेर उभं राहून ते हँडल ओढून बघतो कोण? आज गाडीजवळ जा, दोन्ही दारं लॉक करा आणि बाहेरून दोन्ही हँडल दोन-दोनदा ओढा. एक नवी क्लिप घालून संपणारा मामला असेल तर तिथंच संपवा.

आता आपल्या किनाऱ्याची खास भानगड. आपल्याकडे लॉकला चोराआधी खारी हवा खाते. मासळीच्या पेट्यांतून बर्फाचं खारं पाणी गळतं, भरणाऱ्यांच्या हाताला तेच असतं आणि तेच हात हँडलला लागतात. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून दारात उतरतंच, कितीही नवं रबर लावा. म्हणूनच दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं दिलेली असतात. ती आपल्या लाल मातीनं बुजतात. मिरकरवाडा बंदरावर फिरणाऱ्या एका पिकअपचं दार उघडलं, तर आत चार बोटं चिखल आणि सेंट्रल लॉकची मोटर त्यात निम्मी बुडालेली. बसवणाऱ्यानं हात सहज पोचतो म्हणून ती तळाशी बसवली होती. मालकाची तक्रार काय, तर ‘रिमोट कधी चालतो, कधी चालत नाही.’ तार घालून भोकं मोकळी केली तेव्हा एका दारातून तांब्याभर काळं पाणी आलं.

म्हणून दार उघडलंच आहे तर तळाची भोकं तारेनं साफ करा, आत पाणी मारून चिखल काढा, दिवसभर उन्हात सुकू द्या आणि मग पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा मारून घ्या. कव्हरच्या आत जो प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो तो फाडून फेकू नका. पाणी दारातल्या दारात ठेवणं हे त्याचं काम. तो गेला की पाणी केबिनमध्ये येतं आणि पुढे वायरिंगला लागतं.

मग सिलिंडर. त्याच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि चावीच्या दात्यांप्रमाणे त्या वर-खाली होऊन एका रेषेत आल्या की सिलिंडर फिरतं. वर्षानुवर्षांच्या वापरानं पट्ट्या झिजल्या की भलतीच चावीसुद्धा जरा हलवली तर फिरते. तपासायचं कसं? तुमच्याच मॉडेलच्या ओळखीच्या चार गाड्यांच्या चाव्या मागून घ्या आणि आपल्या दारात घालून बघा. एखादी फिरली तर सिलिंडर बदलायचं, दुरुस्तीच्या भरीस पडायचं नाही. नवी चावी कापून घेताना मूळ चावीवरून कापा. कॉपीवरून काढलेली कॉपी प्रत्येक वेळी थोडी बोथट होत जाते आणि तीच पुढे सिलिंडरच्या पट्ट्या घासते. लॉक जड चालत असेल तर सुटं करायला गंज सोडवणारा स्प्रे ठीक आहे, पण तो उडून जातो, वंगण म्हणून टिकत नाही. इंजिन ऑइल तर नकोच, धूळ धरून त्याचा चिखल होतो. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे पावसाळ्याआधी आणि गणपती झाल्यावर असा वर्षातून दोनदा मारला तरी पुरतो. ग्राफाइटची भुकटी घाटावर छान चालते. आपल्याकडच्या दमट हवेत मला तिचा गाळ झालेला जास्त सापडतो.

एवढं झालं की खरं काम, रॉडला आडोसा. १.५ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा घ्यायचा, काटकोनात वाकवायचा आणि दाराच्या आतल्या पत्र्याला असा बसवायचा की काचेच्या फटीतून खाली येणारी वस्तू त्यावर आदळून थांबेल, रॉडपर्यंत आणि लॅचच्या कानापर्यंत पोचणार नाही. ऐकायला सोपं आहे, माप चुकलं तर महागात पडतं. काच पूर्ण खाली केली असताना पत्रा आणि काच यांच्यात निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळं हवं, कारण दार आपटलं की काच हलते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, आत ठेवा, काच चार-पाच वेळा खाली-वर करा, दार आपटून बघा आणि मगच पत्रा कापा. पत्र्याच्या कडा घासून गोल करायच्या, नाहीतर वर्षभरात त्या वायर कापतील. खालच्या बाजूला पाणी वाहून जायला जागा ठेवायची.

रिव्हेटचं तेवढं लक्ष ठेवा. दुकानात सहज मिळतात ते ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट. लोखंडी दारात, खाऱ्या ओलाव्यात, ॲल्युमिनियमचा तो चिमुकला रिव्हेट स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. दोन पावसाळ्यांत डोकं हातात येतं आणि पत्रा आत खडखडायला लागतो. स्टेनलेसचे रिव्हेट मागा. पत्रा ३०४ ग्रेडचा चालेल, रंगाचा हात देऊन. गाडी कायम मासळीलाच असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला तो जास्त तोंड देतो.

बाहेरच्या हँडलमागेही एक छोटा पत्रा हवा. हँडलच्या खाली दाराचा पत्रा टोचून तिथून रॉड ढकलण्याचा प्रकार होतो, आणि दाराचा बाहेरचा पत्रा किती पातळ असतो हे तुम्हाला बोट दाबून कळेल. काचेखालचा खटका डोक्याला फुगीर असेल तर निमुळता, गुळगुळीत घाला, म्हणजे वरून आलेल्या आकड्याला काही धरता येत नाही. पण इथं एक गोष्ट जपा. कित्येक पिकअपमध्ये आतलं हँडल ओढून दार उघडत नाही, आधी खटका हातानं वर करावा लागतो. अशा गाडीत खटका पूर्ण आत बुडवून टाकलात तर आत झोपलेला माणूस अडकेल. अंधारात, घाबरलेल्या माणसाच्या बोटांना तो धरता आलाच पाहिजे. केबिनला आग लागली, गाडी कलंडली, पुराचं पाणी चढलं, तर चावी-रिमोट शोधायला वेळ नसतो. आतून कुठल्याही साधनाशिवाय दार उघडलंच पाहिजे. ही सोय जो मोडेल त्या कारागिराला गाडीला हात लावू देऊ नका, मग तो माझा चेला असो.

दाराच्या कोपऱ्यातल्या तिकोनी काचेबद्दल फार लिहीत नाही. ती फोडणाऱ्याला कुठलंच लॉक अडवत नाही. सुरक्षा फिल्मनं काच फुटूनही जागेवर राहते, चोराचा वेळ जातो, एवढाच फायदा. लावायची तर पूर्ण पारदर्शक लावा आणि नियमात किती बसते ते आधी विचारून घ्या.

आता वायरमनच्या मूळ सल्ल्याकडे. दोन्ही चावीची भोकं का बुजवायची नाहीत? कारण रिमोट बॅटरीवर चालतो आणि बॅटरी कधीतरी बसते. हिशोब करून बघा. साध्या किटचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला भाग, गाडी बंद असताना १० ते २० मिलिअँपिअर खात बसतो. २० धरले तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या ६१ दिवसांत मासळीची गाडी दारात ताडपत्रीखाली उभी. एकूण २९ अँपिअर-अवर नुसत्या रिमोटनं खाल्ले. पिकअपची साठ-सत्तरची बॅटरी, तीही जुनी, वर तिची स्वतःची गळती. नारळी पौर्णिमेला गाडी काढायला जाल तेव्हा रिमोट मेलेला, चावीची भोकं बुजवलेली आणि बॉनेटचा खटका केबिनच्या आत. मग स्वतःच्याच गाडीची काच फोडायची.

तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं सिलिंडर ठेवायचं, नवं घालायचं आणि त्याला मागून पत्रा द्यायचा. क्लिनरच्या बाजूचं सिलिंडर जागेवरच राहू द्यायचं, फक्त आतून त्याचा रॉड लॅचपासून सोडवून टाकायचा. बाहेरून भोक दिसतं, पाणी आत जात नाही, आणि चोर त्याच्याशी खटपट करत बसला तर बसू दे. पत्रा मारून रंग लावलेलं दार लांबून ओरडून सांगतं की इथं काहीतरी जपून ठेवलंय. काही जण आणीबाणीसाठी ब्रेकची केबल लॅचपासून गाडीखाली गुपचूप आणून ठेवतात. मला ते पटत नाही. चिखलात ती केबल जाम होते आणि गाडीखाली शिरणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला तुमचं गुपित कळतं.

रिमोट घेताना कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा एकच गोष्ट विचारा: कोड स्थिर आहे की बदलता? स्वस्त किट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि दर वेळी तोच आकडा हवेत फेकतात. अशा रिमोटमधल्या एका प्रचलित चिपमध्ये, ईव्ही १५२७ मध्ये, २० बिटांचा कोड असतो, म्हणजे दहा लाखांवर शक्यता. ऐकायला भरपूर, पण चोराला अंदाज लावायचाच नसतो. तुम्ही बटण दाबलं तेव्हा जे हवेत गेलं ते टिपून पुन्हा वाजवलं की काम झालं. बदलत्या कोडमध्ये, ज्याला दुकानदार रोलिंग कोड म्हणतात, प्रत्येक दाबाला नवा आकडा तयार होतो आणि एकदा वापरलेला आकडा रिसीव्हर पुन्हा घेत नाही. एचसीएस ३०१ ही त्यातली जुनी, जगभर वापरलेली चिप. तिच्या कोड बनवण्याच्या, किलॉक नावाच्या पद्धतीतल्या भेगाही संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास उघड केल्या आहेत. तरी स्थिर कोडपेक्षा ती कितीतरी बरी, कारण ढाब्यावर ताडपत्री चाचपत फिरणारा भुरटा गणित मांडून बसत नाही.

दुकानात खात्री करायची सोपी रीत आहे. रोलिंग शटरच्या रिमोटची नक्कल करणारे कॉपी रिमोट बाजारात मिळतात. दोन रिमोट समोरासमोर धरून बटण दाबलं की नक्कल तयार. किट बसवण्याआधी दुकानदारालाच सांगा, याची नक्कल करून दाखव. झाली तर कोड स्थिर आहे, किट परत. नाही झाली तर बहुधा बदलता आहे. बदलत्या कोडच्या रिमोटचं एक वागणं माहीत असू द्या. खिशात किंवा पोराच्या हातात तो गाडीपासून लांब बऱ्याच वेळा दाबला गेला, तर पहिल्या दाबाला दार उघडत नाही, लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. तो बिघाड नाही.

२०१५ मध्ये सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकानं लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत बदलता कोडही हवेत अडवून साठवणारं छोटं यंत्र दाखवलं होतं. त्यावरून घाबरवणारे व्हिडिओ फिरत असतात. आपल्या कामाची बाब त्यातली एवढीच, की रिमोटचा सिग्नल अडवता येतो. तुम्ही चालता चालता मागे न बघता बटण दाबता, सिग्नल अडतो, दार लॉक होतच नाही. उपाय फुकट आहे: बटण दाबा, इंडिकेटर लुकलुकले का बघा आणि हँडल ओढून मगच चहाला जा. बटणाविना, नुसता रिमोट खिशात असला की उघडणाऱ्या प्रकाराच्या वाटेला पिकअपमध्ये जाऊच नका. ढाब्याच्या बाकड्यावर तुम्ही बसलात आणि गाडी भिंतीपलीकडे पाच पावलांवर उभी असली, तर दार तुमच्यासाठी उघडं आणि दुसऱ्यासाठीही.

साध्या सेंट्रल लॉकची आणखी एक खोड सांगतो, जी बसवणारे सांगत नाहीत. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते, क्लिनरच्या दारात दोन वायरींची. पाचवालीत स्विच असतो. ड्रायव्हरचा खटका हातानं वर केला की तो स्विच दुसऱ्या दारालाही ‘उघड’ म्हणतो. याचा अर्थ, आडोसा न लावता सेंट्रल लॉक बसवलंत तर चोरानं एक खटका उचलला की सगळी दारं उघडतात. पूर्वी त्याला एकच मिळत होतं. मागे बंद बॉडी असलेल्या गाडीत काही जण मागचं दारही याच किटला जोडतात. तसं कधीही करू नका, मागच्याचं कुलूप वेगळं, चावी वेगळी. शिवाय मोटरचा दांडा जिथं मूळ रॉडला स्क्रूच्या क्लॅम्पनं पकडतो, तो जोडही आडोशाच्या मागेच आला पाहिजे. म्हणूनच म्हटलं, रिमोट शेवटी: मोटर कुठं येणार हे ठरवून पत्रा कापायचा, पत्रा बसवायचा, मग मोटर.

मोटर तळाशी नको, रॉडच्या रेषेत हवी, तिरकी बसली की ओढ वाया जाते आणि गिअर झिजतो. तिचं रबरी टोपण खालच्या बाजूला. वायर दारातून खांबात जाते तिथं रबरी नळी आणि ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, हवेतच. नुसतं भोक पाडून वायर ओढलेली असेल तर पत्र्याची कड सहा महिन्यांत ती सोलते. कंट्रोल बॉक्स सीटखाली टाकू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. नंतर जी काही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीला आली त्यात खाली बसवलेलं जवळपास काही वाचलेलं नव्हतं. डॅशबोर्डच्या मागे उंचावर, कनेक्टर खाली तोंड करून, वायरला बॉक्सच्या आधी एक झोळ द्या म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोळातून गळून पडतं. करंट थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज. कंपनीच्या वायरिंगच्या जुडग्यात चिमटा मारून जोड घेऊ नका. नवी गाडी असेल तर वॉरंटीचा वाद होतो, आणि बीएस-६ गाडीत सेन्सरच्या वायरीला हात लागला तर चेक लाइट पेटून बसतो. २४ व्होल्टच्या ट्रकवाल्यांना सांगायचं तर, २४ व्होल्टचंच किट घ्या किंवा मध्ये कन्व्हर्टर लावा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सगळीकडे चालते आणि ती एक बॅटरी हमखास लवकर मरते.

गाडी नेणंच थांबवायचं असेल तर तो वेगळा विषय, दाराच्या लॉकशी त्याचा संबंध नाही. एक लपवलेला स्विच स्टार्टरच्या रिलेवर बसवा. फक्त स्टार्टरवर. चालू इंजिनाचं डिझेल तोडणारा कट-ऑफ आपल्या रस्त्यावर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. कशेडी किंवा कुंभार्ली घाटात उतारावर इंजिन मेलं तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन दाबांपुरती उरते.

तुमच्या हौद्याला दार नाही, ताडपत्री आणि दोर आहे, तेव्हा तिथं कुलपाचा उपयोग नाही. आंब्याच्या पेट्या फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या खाली पडणाऱ्या फळीच्या, बाजूनं खेचल्या जातात. रात्री गाडी लावताना फाळका भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला इतका भिडवून लावा की तो खाली पडणार नाही. बंद बॉडीवाल्यांनी कडी-कोयंड्याचे बोल्ट बघावेत. डोकं बाहेरून पान्यानं फिरत असेल तर कुलूप कितीही जाड असून काय कामाचं? नट आतून वेल्ड करून घ्या आणि कुलूप असं निवडा की त्याची कडी कुलपाच्या पोटातच लपते, कटरला धरायला जागा मिळत नाही. गणपतीच्या दिवसांत बहुतेक वर्षी जड वाहनांना महामार्गावर बंदी घालतात, तेव्हा रांगेनं उभ्या गाड्यांतून बॅटरी आणि डिझेल जातं. बॅटरीच्या पेटीला कुलूप आणि टाकीला चावीचं झाकण हे त्यावेळी दाराच्या लॉकपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

रोकड केबिनमध्ये ठेवू नका हे तुम्हाला कळत नाही असं नाही. वाशीला हिशोब घेतला की आता जमेल तेवढं खात्यावर घ्या, उरलेलं अंगावर. रिकाम्या डॅशबोर्डची गाडी चोर सोडून देतो, त्यालाही रात्रीच्या वेळेची किंमत असते.

पुन्हा झालं तर हँडलला हात लावण्याआधी फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. तक्रार देताना मालवाहू गाडीतून वस्तू गेल्या असं स्पष्ट लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून होणारी चोरी कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. साधी चोरी कलम ३०३ मध्ये, बहुतांशी ३ वर्षांपर्यंत. गाडीच्या विम्यात आतला माल धरलेला नसतो, त्याचा वाहतूक विमा वेगळा काढावा लागतो. आणि उद्या गाडीच गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. म्हणून सिलिंडर बदललंत तर जुन्या चाव्या, नव्या चाव्या आणि बदलल्याची पावती एकत्र घरी ठेवा, गाडीत नको.

खर्चाला हात आखडता असेल तर आधी क्लिप, निचरा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं सिलिंडर. मग दोन्ही दारांना आडोसा. रिमोट पुढच्या हंगामाच्या पैशातून झाला तरी चालेल. तोपर्यंत कव्हर काढाल तेव्हा काच पूर्ण खाली करून आणि पूर्ण वर करून असे दोन फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. काचेपासून रॉड किती लांब आहे ते त्यात दिसलं की पत्रा कुठं वाकवायचा ते सांगता येईल. केबल दिसली तर पत्र्याचे पैसे वाचले, थेट सिलिंडरला लावा.